काळी पाटी, लाल पाटी

पाम, कुंभवली, कोलवडे इकडच्या माणसानं विमानानं गोव्याला जायचं म्हणजे अर्धी लढाई जमिनीवरच लढायची. बोईसरहून चिल्हार फाटा, मनोर, विरार फाटा, मग वरसाव्याच्या पुलावरची रांग आणि शेवटी सहार. त्यापेक्षा डहाणू लोकलनं अंधेरी गाठलेली बरी. कसेही गेलात तरी विमानात बसेपर्यंत जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्म्यात विमान गोव्यात टेकतं. पुढे मात्र मजा. दारातून बाहेर पडायचं, ठरल्या जागी किल्ली घेऊन पोरगा उभा असतो, गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढायचा आणि सुटायचं. मायोर्का, सिसिली, क्रीट, सायप्रस, माल्टा अशा भूमध्य समुद्रातल्या बेटांवर सुट्टीला जाणारा युरोपातला माणूस वर्षानुवर्षं हेच करतोय. गाडी त्याची नसते, रस्ता ओळखीचा नसतो, आणि बेट असल्यामुळे फार लांब हरवायचीही सोय नसते. या उद्योगाभोवतीच्या काही चटकदार गोष्टी इथे गोळा केल्यात. गोव्यापासून माल्टापर्यंत आणि परत सफाळ्याला.

आधी नकाशा नीट बघा

गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. स्पेनचं लाडकं बेट मायोर्का साधारण ३,६४०. म्हणजे गोवा बेट नसला तरी मापानं मायोर्काच्या तोडीस तोड. गोवा गाडीनं ज्या निवांतपणे फिरता येतो, त्याच निवांतपणे मायोर्का फिरता येतं. सकाळी समुद्र, दुपारी डोंगर, रात्री परत मुक्कामी.

माल्टा तर अख्खा देश, पण ३१६ चौरस किलोमीटरचा. आपला पालघर जिल्हा ५,३४४. जिल्ह्यात सोळा माल्टा आरामात बसतील आणि थोडी जागा उरेल.

आता उलटं बघा. ‘चार दिवसांत सिसिली पालथी घालू’ असं ठरवून जाणारे बरेच भेटतात. सिसिली पंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. पालघर, ठाणे, रायगड आणि रत्नागिरी हे चारही जिल्हे एकमेकांना जोडले तरी तिची जेमतेम बरोबरी होते. तलासरीपासून राजापूरपर्यंत चार दिवसांत सगळं बघून होईल असं कुणी म्हणालं तर आपण त्याला काय म्हणू, तेच सिसिलीवाले आपल्याला म्हणत असणार.

बॉम्बफेक्या विमानातून सुचलेला धंदा

गाडी भाड्यानं देण्याचा धंदा अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला. १९१८ मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्स नावाच्या तरुणानं फोर्डच्या बारा मॉडेल-टी गाड्या घेऊन दुकान मांडलं. पुढे त्याचंच हर्ट्झ झालं. शिकागोच्याच मिडवे विमानतळावर या कंपनीनं १९३२ मध्ये टेबल टाकलं. पण विमानतळ हाच आपला मुख्य बाजार, हे ओळखलं वॉरन एव्हिसनं. हा गडी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होता. कुठेही उतरलं की पुढे शहरात जायला वाहन नाही, हा त्याचा रोजचा वैताग. १९४६ मध्ये डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर त्यानं तीन गाड्या उभ्या केल्या आणि एव्हिस कंपनी सुरू झाली. भूमध्य समुद्रातल्या प्रत्येक बेटावर आज विमानतळाबाहेर जी गाड्यांची ओळ दिसते, तिचं मूळ त्या तीन गाड्यांत आहे.

भारतात हा प्रकार कायद्याच्या चौकटीत आला तो १९८९ च्या ‘रेंट-अ-कॅब’ योजनेनं. तिच्यात परवान्यासाठी अट घातली होती ती किमान ५० गाड्यांची! नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा मोठ्या शहरातला मोठा शेठ होता. घरातली एक-दोन गाड्या भाड्यानं देऊन संसार चालवू पाहणारा बार्देशातला किंवा साल्सेतमधला माणूस त्यात कुठेच नव्हता, आणि गोव्यातला हा धंदा तर अशाच माणसांच्या जिवावर वाढला. दुचाकींसाठीची योजना १९९७ मध्ये आली.

पाटीच सांगते, पाहुणा आलाय

बोईसरमध्ये पिवळी पाटी कुणाला नवी नाही. एमआयडीसीच्या शिफ्टची माणसं ने-आण करणाऱ्या गाड्या, अणुऊर्जा प्रकल्पाकडे जाणाऱ्या गाड्या, सगळ्या पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांच्या. पांढरी पाटी घरची. पण स्वतः चालवायला भाड्यानं दिलेल्या गाडीची पाटी उलटी असते. पाटी काळी, अक्षरं पिवळी. देशभर नियम हाच, पण ती खरी डोळ्यांत भरते गोव्यात. डिसेंबरात कळंगुटच्या रस्त्यावर पाच मिनिटं उभे राहा, मोजता मोजता दमाल.

सायप्रसमध्ये भाड्याच्या गाडीची पाटी लाल असते आणि नंबर सुरू होतो तो इंग्रजी झेड अक्षरापासून. तिथल्या माणसाला लांबूनच कळतं की समोरचा परदेशी आहे, चौकात गोंधळणार आहे आणि सिग्नल न देता वळणार आहे. आपल्याकडच्या शिकाऊ ड्रायव्हरच्या लाल ‘एल’सारखाच हिचा उपयोग. पाहुण्याला लाज वाटते खरी, पण मागचा हॉर्न कमी वाजवतो.

गोव्यात काळ्या पाटीचा दुसराही अर्थ आहे. ती असली तर गाडीचा परवाना आणि विमा भाड्याच्या व्यवसायाचा असतो. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी कुणी ‘दोनशे रुपये कमी द्या’ म्हणून हातात ठेवली, तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते आणि वाटेत पोलिसांनी अडवलं तर दंड वेगळा. ते दोनशे रुपये फार महाग पडतात.

डावीकडून चाला!

पहिल्यांदा परदेशात गाडी चालवणाऱ्या मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो तो उजव्या बाजूनं चालवायच्या कल्पनेनं. मग सोपा उपाय. माल्टा किंवा सायप्रस. भूमध्य समुद्रातल्या या दोन बेटांवर आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे. कारण तेच, इंग्रजांचं राज्य. सायप्रस १९६० मध्ये स्वतंत्र झाला, माल्टा १९६४ मध्ये. दोघंही २००४ मध्ये युरोपीय संघात गेले, पण रस्त्याची बाजू काही बदलली नाही. आज त्या संघात डावीकडून चालणारे देश तीनच आहेत. हे दोन आणि आयर्लंड.

याहून गमतीची गोष्ट आपल्या गोव्याची. पोर्तुगालनं १९२८ मध्ये वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोव्यात तेव्हा राज्य पोर्तुगालचंच. तरी गोवा डावीकडूनच चालत राहिला, कारण तिन्ही बाजूंनी ब्रिटिश हिंदुस्थानचे रस्ते येऊन भिडत होते. लिस्बनचा हुकूम पत्रादेवीच्या हद्दीवर चालवायचा म्हणजे रोज समोरासमोर टक्कर. पोर्तुगिजांनी इथे चारशे वर्षं बरंच काही लादलं, पण रस्त्याच्या बाजूपुढे त्यांनी शेजाऱ्याचं ऐकलं.

दाबोळीची ती रात्र

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. पेडण्यातल्या मोपा पठारावरच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर प्रवासी विमानं उतरू लागली ती ५ जानेवारी २०२३ पासून. जुना दाबोळी नौदलाच्या ताब्यातला. तुम्ही ट्रॉली ढकलत काळ्या पाटीची गाडी शोधत असता, त्याला लागून नौदलाचा तळ असतो.

दाबोळी बांधला पोर्तुगिजांनी, १९५० च्या दशकात. त्यांची ‘टाइप’ नावाची छोटी विमान कंपनी इथून दमण, दीव, कराची अशा फेऱ्या मारायची. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकून खड्डे पाडले. तळावर पोर्तुगिजांची दोन प्रवासी विमानं अडकली होती. अंधार पडल्यावर धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून ती दोन्ही उडाली आणि कराचीला पोचली. आज त्याच दाबोळीवर पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना बंपर घासला म्हणून माणसं तासभर हळहळतात.

टायच्या गाठीचा रस्ता

मायोर्काला जाऊन गाडी घेतलीत तर एक रस्ता चुकवू नये, आणि गाडी लागण्याचा त्रास असेल तर जरूर चुकवावा. सा कालोब्राचा. त्रामुंताना डोंगरातून खाली समुद्रावरच्या एका चिंचोळ्या वाडीकडे उतरणारा. अंतोनिओ पारिएत्ती या अभियंत्यानं १९३२ मध्ये तो आखला. बोगदे काढायचे नाहीत, डोंगर जसा वळेल तसं आपण वळायचं, असा त्याचा हिशेब. एके ठिकाणी चढ इतका आला की रस्ता स्वतःच्याच खालून गोल फिरवून काढावा लागला. जवळपास पूर्ण वेढा, २७० अंशांचा. त्या जागेला तिथले लोक टायची गाठ म्हणतात. पारिएत्तीला ही युक्ती म्हणे सकाळी आरशासमोर टाय बांधताना सुचली. अशा गोष्टी प्रत्येक घाटाला चिकटलेल्या असतात. आपल्याकडेही घाट म्हटला की त्याची वाट दाखवणारा एखादा धनगर किंवा ठाकर असतोच, फक्त त्याच्याकडे टाय नसतो.

खरी मेख पुढेच आहे. हा रस्ता कुठेही पुढे जात नाही. खाली उतरायचं, समुद्र बघायचा, आल्या वाटेनं परत चढायचं. समोरून पर्यटकांची मोठी बस आली की भाड्याच्या छोट्या गाडीतला नवरा, बायको आणि मागची पोरं असे सगळे एकदम ड्रायव्हर होतात. मोखाड्याकडून जव्हारला पावसाळ्यात आलेल्या माणसाला मात्र यात विशेष काही वाटणार नाही.

क्रीटमध्ये वेगळाच धडा मिळतो. तिथल्या उत्तरेच्या मुख्य रस्त्यावर हळू जाणारी गाडी चक्क कडेच्या पट्टीवर सरकते आणि मागच्याला वाट देते. नव्या माणसाला आधी कळतच नाही की मागचा इतका चिकटून का येतोय. इटलीच्या शहरांत आणखी एक सापळा आहे. पालेर्मोसारख्या ठिकाणी जुन्या गावठाणात ठरावीक गाड्यांनाच प्रवेश असतो. पाटी वाचणारा कॅमेरा फोटो काढतो, तुम्ही घरी येऊन फराळ करून विसरलेले असता, आणि मग कंपनीचा मेल येतो. दंड वेगळा, तो कळवण्याचं शुल्क वेगळं.

बेट आणि बोट

गाडी भाड्याची, बेट दुसरं, मध्ये पाणी. मग गाडी बोटीवर चढवायची की नाही? ग्रीसमधल्या बऱ्याच कंपन्या सांगतात, लेखी परवानगीशिवाय नाही. बोटीवर काही झालं तर विमा लागू नाही. माल्टा मात्र मोकळा. मुख्य बेटावरच्या चिर्केव्वाहून गोझो बेटावर बोट जाते, पंचवीसेक मिनिटांत. जाताना तिकीट कुणी मागत नाही. पैसे परतताना. जो गोझोला गेला तो कधीतरी परत येणारच, या भरवशावर सगळा कारभार.

गोव्यात हे सुख स्वस्तात मिळतं. दिवाडी, चोडण, जुवे ही मांडवीच्या पात्रातली बेटं. जुने गोवे किंवा रायबंदरहून फेरीत गाडी चढवली की दिवाडी. तिथे समुद्रकिनारा नाही, शॅक नाही, म्हणूनच गर्दी नाही. उतरल्यावर शेतं, जुनी पोर्तुगीज घरं आणि पिएदादच्या टेकडीवरचं चर्च. ऑगस्टअखेरच्या बोंदेराच्या उत्सवाला मात्र अख्खा गोवा इथे लोटतो. त्या दिवशी गाडी नेऊच नये. चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीतलं, पायी बघण्याचं. रायबंदर–चोडण मार्गावर २०२५ पासून रो-रो बोटीही धावू लागल्या.

रो-रोवरून आठवलं. भूमध्य समुद्रातली बोट बघायला तिकडेच जायला हवं असं नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन जाणारी ‘एम टू एम’ बोट ग्रीसमध्ये बांधलेली आहे. ती मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि लगेच टाळेबंदी आली. एजियन समुद्रातली बेटं जोडण्यासाठी जशा बोटी बनतात, तशीच एक बोट आज अलिबागच्या बंगलेवाल्यांच्या गाड्या वाहते आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे. वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो फेब्रुवारी २०२४ पासून आहे. एप्रिल २०२५ मध्ये दुसरी आली, विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या बाजूला जलसारला. पाण्यातून दीडेक किलोमीटर, रस्त्यानं हायवेचा वळसा घेऊन साठेक. केळवे-माहीमला येणाऱ्या मुंबईकराला वरसाव्यानंतरचा घाम पुसायला ही एक पळवाट आहे. सफाळ्याहून केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, पुढे नांदगाव, आलेवाडी, नवापूर, तारापूर, चिंचणी. किल्ले मोजत गेलात तर समुद्रापेक्षा जास्त वेळ किल्ल्यांनाच लागेल. पोर्तुगिजांनी हा किनारा असा बांधून काढला होता की चिमाजी आप्पांना १७३७ ते १७३९ अशी मोहीम चालवावी लागली. गोवा फिरणारे लोक पोर्तुगीज वारसा म्हणून जे शोधतात, त्याच्या पडक्या भिंतींवर आपल्याकडे कपडे वाळत असतात.

जिथे गाडी चालतच नाही

ग्रीसमधलं हायड्रा बेट. मोटारींना बंदी. सामान खेचरावर, पाहुणा पायी. कचऱ्याची गाडी आणि अशी दोन-चार कामाची वाहनं सोडली तर चाकं नाहीत. गायक-कवी लेनर्ड कोहेननं १९६० मध्ये इथे घर घेतलं, आणि त्या शांततेचं नाव जगभर झालं.

यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. माथेरान आहेच. दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची आणि पुढे घोडा, पाय किंवा मिनी ट्रेन. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली तेव्हा केवढा वाद पेटला होता. आणि आपलं अर्नाळा? किनाऱ्यावर गाडी लावा, होडीत बसा, पाण्यात पाय भिजवत उतरा. समोर किल्ला, आजूबाजूला कोळ्यांची वस्ती, वाळत घातलेली मासळी. फरक एवढाच की हायड्राला जाणारा पर्यटक दोन रात्री राहतो आणि अर्नाळ्याला जाणारा संध्याकाळच्या लोकलची वेळ बघत फिरतो.

टाकी कुठे भरायची

युरोपात भरलेल्या टाकीनं गाडी मिळते आणि भरूनच परत द्यायची. विसरलात तर पेट्रोलही त्यांचं आणि भरण्याची मजुरीही त्यांच्या मनाची. गोव्यात उलटी रीत. बहुतेक वेळा काटा तळाला टेकलेली गाडी हातात येते आणि तशीच परत जाते, त्यामुळे विमानतळावरून पहिला थांबा पंपावर.

गोव्यात कर कमी, म्हणून पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त. सिंधुदुर्गातल्या माणसाला हे पाठ असतं. आपल्यालाही असतं, फक्त दिशा उलटी. तलासरी ओलांडून गुजरातच्या पहिल्या पंपावर एम.एच. ४८ आणि एम.एच. ०४ च्या गाड्या किती दिसतात ते एकदा मोजा.

सोपाऱ्याचे भूमध्यवाले

हे सगळं उलटंही घडलेलं आहे. म्हणजे ते लोक इकडे आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं अरबी समुद्राची वाटदर्शिका लिहिली, पेरिप्लस नावाची. तिच्यात भडोचच्या खाली जी बंदरं येतात, त्यात सुप्पारा आहे. आपलं नालासोपारा. मग कल्याण. भडोचला इटलीची दारू विशेष खपते, इजिप्तहून जुलैत निघावं म्हणजे मोसमी वारा धरता येतो, असा सगळा तपशील तिच्यात आहे. कुठे उतरावं, काय खपतं, कोणता किनारा धोक्याचा, सगळं एका पुस्तकात. प्रवासी मार्गदर्शक म्हणून आज विमानतळावर जे विकलं जातं त्यात याहून वेगळं काय असतं? १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा या बंदराचं जुनं वैभव पुन्हा लोकांसमोर आलं.

आणि पुढचं? वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झाली. त्याच्या जवळ समुद्रात कृत्रिम बेट करून विमानतळ बांधण्याची कल्पनाही सरकारनं बोलून दाखवली आहे. ती कागदावरून पाण्यात उतरली तर बेटावर विमान, विमानतळावर गाडी, हा भूमध्य समुद्रातला प्रकार डहाणूच्या समोर उभा राहील. तिथले मच्छीमार बंदरालाच विरोध करत आलेत आणि त्यांचा प्रश्न साधा आहे: बेट तुमचं, गाडी तुमची, मग आमच्या जाळ्याचं काय? या प्रश्नाला अजून धड उत्तर मिळालेलं नाही.

जायचंच असेल तर

परदेशात गाडी चालवायला आपला परवाना एकटा पुरत नाही. आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना हवा. पालघरवाल्यांसाठी विरारचं आरटीओ. अर्ज ऑनलाइन, नमुना ४-अ, शुल्क एक हजार रुपये. ऑगस्ट २०२२ पासून देशभर त्याचा नमुना एकच आहे, क्यूआर कोडसकट. हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार चालतो आणि ग्रीस, इटली, स्पेन, सायप्रस, माल्टा हे पाचही देश त्या करारात आहेत. मुदत फक्त एक वर्षाची आणि सोबत मूळ परवानाही ठेवावाच लागतो. अनामत म्हणून मुख्य चालकाच्या नावाचंच क्रेडिट कार्ड मागतात. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचा परवाना ही जोडी काउंटरवर चालत नाही. टायर, काच आणि गाडीचं पोट साध्या विम्यात बहुधा नसतं, ते सही करायच्या आधी विचारा. सायप्रसच्या दक्षिणेत घेतलेली गाडी उत्तरेच्या तुर्की भागात न्यायची तर कंपनीची परवानगी लागते आणि नाक्यावर वेगळा विमा विकत घ्यावा लागतो. आणि एक: तिकडे साधारणपणे गिअरची गाडी मिळते, ऑटोमॅटिक हवी तर पैसे जास्त. बोईसरच्या नवापूर नाक्यावर संध्याकाळी सहाला गाडी काढणाऱ्याला गिअरची भीती नसतेच म्हणा.